रियाजाआधीची पंधरा मिनिटं: गळा तापतो म्हणजे काय होतं

क्लासला पोचल्यावर पेटी उघडायची, सा धरायचा आणि तीन मिनिटांत आरोह करत तार षड्ज (वरच्या सप्तकातला सा) गाठायचा, अशी बऱ्याच विद्यार्थ्यांची सवय असते. पहिल्या दोन फेऱ्यांत आवाज घोगरा लागतो, तिसरीत धैवताशी चिरकतो. मग विद्यार्थी खाकरतो, दोन घोट पाणी पितो आणि जोर वाढवतो. जोर वाढवल्यावर सूर लागतोही. तो कशाच्या जिवावर लागला, हे संध्याकाळी घसा सांगतो.

'गळा तापवणं' हा शब्द आपण सगळेच वापरतो. त्यात आच देण्याची, रेटण्याची कल्पना दडलेली आहे आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो. या पहिल्या पंधरा मिनिटांचं काम अगदी मर्यादित आहे: कमीत कमी हवेत आणि कमीत कमी जोरात स्वच्छ सूर निघेल, अशा अवस्थेला स्वरतंतू आणायचे. दमसास वाढवणं, तान घोटणं, राग पक्का करणं ही रियाजाची कामं आहेत, ती नंतर येतात. आणि या पंधरा मिनिटांना क्रम आहे. आधी तोंड मिटून, मग उघडून. आधी मधले स्वर, मग दोन्हीकडची टोकं. आधी लांब स्वर, मग जलद. क्रम उलटला की त्याच व्यायामाने घसा बसतो.

आत काय चाललेलं असतं

कंठमण्यामागे स्वरयंत्र असतं आणि त्यात पुढून मागे गेलेल्या दोन पट्ट्या असतात, ते स्वरतंतू. नाव तंतू असलं तरी सतारीच्या तारेसारखं तिथे काही नसतं. बायकांचे एक ते दीड सेंटिमीटर, पुरुषांचे दीड ते दोन सेंटिमीटरच्या आसपास लांब असे ते दोन ओलसर ओठच म्हणा. फुप्फुसातून येणारी हवा त्यांना उघडते, ते लगेच मिटतात, पुन्हा उघडतात. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज (मधल्या सप्तकातला सा) म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ वेळा ही उघडझाप. काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलीचा तार षड्ज म्हणजे सुमारे ४१५ वेळा. तो तिने एकूण मिनिटभर लावला, तर दोन्ही पट्ट्या जवळपास पंचवीस हजार वेळा एकमेकींवर आपटतात. टाळ्या वाजवण्यासारखंच आहे हे: हलक्या हाताने तासभर वाजवता येतात, दणादण वाजवल्या तर पाच मिनिटांत तळवे लाल होतात.

या पट्ट्यांच्या गाभ्यात स्नायू असतो आणि वर जेलीसारखा मऊ थर, त्यावर पातळ ओलं आवरण. सूर निघतो तेव्हा या आवरणावर लाट फिरते. लाट नीट फिरायला आवरण ओलं आणि सुळसुळीत हवं. झोपून उठल्यावर ते तसं नसतं. रात्रभर आडवं राहिल्याने तिथे थोडी सूज असते, कफ घट्ट झालेला असतो, म्हणून सकाळचा आवाज जाड आणि खालचा येतो. 'पहाटे खर्ज भरावा' या जुन्या सांगण्याला शरीराचा आधार आहे तो इथे: त्या वेळी खालचे स्वर आपसूक मिळतात. त्याच वेळी तार सप्तक मागणं म्हणजे झोपेतून उठवून धावायला लावणं.

शिवाय दोन स्नायूंचा व्यवहार असतो. एक स्वरतंतूंना आखूड आणि जाड करतो, त्याने खालचा, भरीव आवाज येतो. दुसरा स्वरयंत्राच्या कूर्चा कलत्या करून स्वरतंतूंना ताणतो, त्याने सूर चढतो. आरोह करताना पहिल्याने हळूहळू सोडायचं आणि दुसऱ्याने धरायचं असतं. ही देवघेव जमली नाही की आवाज मध्येच तुटतो. त्याकडे पुढे परत यायचं आहे.

हे सगळं जिवंत माणसाच्या गळ्यात नीट पाहण्याची वाट एका गायनशिक्षकाने दाखवली, हे गमतीचं आहे. मॅन्युएल गार्सिया या मूळच्या स्पॅनिश गुरूने १८५४ साली दाताच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा आरसा घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले. कान-नाक-घसा तज्ज्ञांची तपासणी पुढे याच आरशावर उभी राहिली.

श्वास: दोन मिनिटं

खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसा किंवा मांडी घातली असेल तर बुडाखाली दुमडलेली चादर घ्या, म्हणजे कंबर मागे ढळत नाही. एक हात बेंबीच्या वर, दुसरा शेवटच्या बरगडीवर बाजूने. चार मात्रा नाकाने श्वास घ्या. लय सेकंदाला एक मात्रा. मग दात जवळ आणून 'स्स्स्' करत बारा मात्रा सोडा. दुसऱ्या फेरीत सोळा, तिसऱ्यात वीस. तीन फेऱ्या पुरेत.

इथे ऐकायचं काय? त्या 'स्स्स्'चा आवाज सुरुवातीला मोठा आणि शेवटी क्षीण होत असेल, तर हवा आवरली जात नाही. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा हवा. बरगड्या लगेच न मिटता फुललेल्या राहायला हव्यात, पोट हळूहळू आत जातं. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे श्वास गळ्यापर्यंत भरणं. खांदे वर जातात, मानेच्या शिरा दिसतात आणि भरलेली हवा बाहेर पडायला इतकी उतावीळ असते की तिला अडवायला घसा आवळावा लागतो. पोटभर जेवून जसं धावता येत नाही, तसं छातीभर कोंबून गाता येत नाही. तीन-चतुर्थांश भरला की थांबावं. वीस मात्रा झाल्या नाहीत तरी चालेल. चेहरा लाल होईपर्यंत ताणण्याची ही स्पर्धा नाही, आणि चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच नेहमीसारखा श्वास घ्यावा.

नळी, ओठ आणि 'र': चार मिनिटं

या पंधरा मिनिटांतला सगळ्यात कामाचा भाग हा आहे, आणि आपल्याकडच्या क्लासांमध्ये सगळ्यात कमी केला जातो तोही हाच. तत्त्व सोपं आहे. तोंडाची वाट अरुंद करून सूर काढला की हवा सहज बाहेर पडत नाही, तिचा थोडा दाब मागे, स्वरतंतूंच्या वरच्या बाजूला साठतो. खालून फुप्फुसाचा दाब, वरून हा परतीचा दाब. दोन्हींच्या मध्ये स्वरतंतू किंचित दूर राहतात आणि आपटण्याऐवजी हलके टेकतात. लाट फिरते, आघात कमी होतो. इन्गो टिट्झे या अमेरिकी ध्वनिशास्त्रज्ञाने नळीतून सूर काढण्याचा हा व्यायाम जगभर पोचवला. फिनलंडमध्ये त्याआधीपासून, १९६०च्या दशकात, काचेच्या नळ्या वापरून आवाजाचे उपचार होत होते.

साहित्य: कोल्ड्रिंकची साधी नळी, पाच-सहा मिलिमीटर व्यासाची, आणि अर्धा पेला पाणी. शहाळ्याबरोबर मिळणारी जाड नळी चालते, पण तिच्यात अडथळा कमी मिळतो. नळीचं टोक पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवा. नळीभोवती ओठ मिटा आणि मध्य षड्जावर 'ऊ' म्हटल्यासारखा सूर नळीतून सोडा. पाण्यात बुडबुडे एकसारखे यायला हवेत. पाच सेकंद, मग श्वास. असं चार वेळा. नंतर सा-पासून पंचमापर्यंत घसरत जा आणि तसेच परत या, पायऱ्या न करता. हेही चार वेळा.

नळी किती खोल बुडवायची याला हिशेब आहे. साधं बोलायला फुप्फुसाचा दाब साधारण पाच ते दहा सेंटिमीटर पाण्याइतका लागतो. नळी दहा सेंटिमीटर खोल घातली, तर नुसते बुडबुडे काढायलाच तेवढा दाब जातो आणि सुरासाठी वरून आणखी रेटावं लागतं. म्हणजे जो रेटा टाळायचा तोच शिकवला जातो. म्हणून दोन-तीन सेंटिमीटर.

एक परीक्षा करून पाहा. नळीतून सूर चालू असताना दोन बोटांनी नाक चिमटा. काहीच बदललं नाही तर ठीक. आवाज बदलला तर हवा नाकातून निसटत होती आणि नळीचा फायदा मिळत नव्हता. दुसरी खूण गालांची: गाल फुग्यासारखे फुगून ताठ झाले असतील तर जोर जास्त आहे. तिसरी खूण बुडबुड्यांची. सूर चढताना ते अचानक थांबले आणि आवाज मात्र चालू राहिला, तर हवा आवळली गेली आणि घशाने काम हातात घेतलं. थोडं खाली या, पुन्हा चढा.

नळी नसेल तर ओठ आहेत. लहान मूल खेळण्यातली गाडी चालवताना ओठांनी 'ब्रर्रर्र' करतं, तेच सुरात करायचं. अनेकांना हे सुरुवातीला जमत नाही, दोन सेकंदांत ओठ थांबतात. दोन्ही तर्जन्या ओठांच्या कोपऱ्यांपासून बोटभर अंतरावर ठेवून गाल किंचित वर उचला. ओठांवरचा ताण जातो आणि ते फडफडतात. तरीही जमलं नाही तर 'र्रर्र' वापरा. मराठी बोलणाऱ्याला 'र' घोळवायला वेगळं शिकावं लागत नाही. फक्त जिभेचं टोक हलतं आहे ना, मूळ आवळलेलं नाही ना, एवढं पाहा.

रंगातला 'ङ': दोन मिनिटं

देवनागरीत पाच अनुनासिकं आहेत आणि गायकासाठी ती आयती शिडी आहे. 'म' ओठांवर अडतो, 'न' दातांमागे, 'ण' टाळूला, 'ङ' थेट मागे पडजिभेपाशी. ओठ मिटून, दात मात्र न टेकवता 'म्म्म्' धरा, मध्य सप्तकातल्या सा-रे-ग-रे-सावर. ओठांना आणि नाकाच्या हाडाला झिणझिण जाणवली पाहिजे. नाही जाणवली तर दात आवळलेले असतील किंवा जीभ मागे ओढलेली असेल.

मग 'रंग' हा शब्द घ्या, पण 'ग' उच्चारायच्या आधीच थांबा: 'रङ्ङ्ङ्'. या वेळी जिभेचं मूळ आणि मऊ टाळू एकमेकांना टेकलेले असतात. आता स्वर न तोडता हळूच 'आ' उघडा: 'ङ्ङ्-आ'. टाळू वर उचलला जातो ते स्पष्ट कळतं. आकार, म्हणजे 'आ'वर गाणं, गेंगाणा होण्याचं मुख्य कारण म्हणजे हा टाळू न उचलणं. तपासायला पुन्हा तेच, 'आ' चालू असताना नाक चिमटा. स्वर जसाच्या तसा राहिला तर आकार खरोखर तोंडातून येतो आहे.

ओंकाराने सुरुवात करण्याची पद्धत सगळीकडे आहे. 'ओ'ची तोंडाची अरुंद वाट आणि 'म'चं मिटणं, दोन्ही वरच्याच तत्त्वात बसतं, त्यामुळे ती योग्यच. फक्त लोक 'ओ' लांबवतात आणि 'म' शेवटी चिकटवतात. गळ्यासाठी उलटं बरं: तीन मात्रा 'ओ', पाच-सहा मात्रा 'म'.

खर्ज: तीन मिनिटं

खर्ज हे षड्जाचंच बोलीतलं रूप. तंबोऱ्याच्या शेवटच्या पितळी तारेलाही खर्जच म्हणतात. गाण्यात खर्ज भरणं म्हणजे मंद्र, खालच्या, सप्तकात लांब स्वर लावणं. याविषयी दोन टोकाची मतं ऐकू येतात: खर्जानेच आवाज बनतो, आणि खर्जाने आवाज बिघडतो. दोन्ही अर्धवट आहेत. कसा लावला त्यावर सगळं आहे.

मध्य षड्जावरून सुरू करा. एका श्वासात एक स्वर, आठ-दहा सेकंद, शांत 'आ' किंवा 'ओ'. मग मंद्र निषाद, धैवत, पंचम. आवाज बोलण्याएवढाच, मोठा नाही. खाली जाताना आवाज आपोआप लहान होतो आणि तो होऊ द्यायचा असतो. जिथे सुराऐवजी घरघर ऐकू येऊ लागते, दार करकरल्यासारखी, तिथे त्या दिवसाची हद्द. त्याच्या एक स्वर वर येऊन दोन-तीन वेळा थांबा.

आकड्यांत पाहू. काळी एकच्या पुरुषाचा मंद्र पंचम सेकंदाला १०४ कंपनांचा, मंद्र षड्ज जेमतेम ६९चा. पंचम बहुतेकांना मिळतो, षड्ज थोड्यांनाच. काळी चारच्या मुलीचा मंद्र पंचम १५६चा, मंद्र षड्ज १०४चा, म्हणजे त्या पुरुषाचा मंद्र पंचमच. तो तिच्या गळ्यात नसणं अगदी स्वाभाविक आहे. 'मंद्र षड्ज लागेपर्यंत सोडायचं नाही' असं सांगणारे शिक्षक आपल्या गळ्याच्या मापाने दुसऱ्याला कपडे शिवतात. मुलींनी मंद्र पंचम, फार तर मध्यमापर्यंत जावं.

चुकीची खूण आरशात दिसते. स्वर खाली जाताना हनुवटी छातीकडे झुकते, जबडा मागे ओढला जातो, कंठमणी दाबून खाली ठेवलेला असतो. त्यातून येणारा आवाज गायकाच्या स्वतःच्या कानाला भारदस्त वाटतो, समोरच्याला कोंदट ऐकू येतो. उपाय साधा: नजर समोरच्या भिंतीवरच्या एका खुणेवर ठेवा आणि स्वर उतरताना मान हलू देऊ नका.

जोड कुठे येतो

आता दोन मिनिटं मींडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याची. मघाशी दोन स्नायूंची देवघेव म्हटली, ती जिथे होते त्याला आपण 'जोड' म्हणू. पुरुषांच्या आवाजात काळी एक पट्टीत तो तार रिषभ-गंधाराच्या आसपास येतो. काळी चार-पाचात गाणाऱ्या मुलींना मध्य सप्तकातच, पंचम-धैवताशी. म्हणूनच मुलींचा आवाज नेमका मधल्या सप्तकात बदलल्यासारखा वाटतो आणि त्या घाबरून एकतर खालचा जड आवाज वर ओढतात, नाहीतर पंचमापासूनच हवेशीर, पातळ आवाज लावतात. जड आवाज ओढत नेला की धैवत-निषादावर चिरकणं ठरलेलं.

'ऊ' घ्या, ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल. मुलींनी मध्य सा-पासून तार सा-पर्यंत आणि परत, मुलांनी मध्य प-पासून तार ग-पर्यंत, अखंड मींड, आठ मात्रा चढायला, आठ उतरायला. अट एकच: वर जाताना आवाज मोठा करायचा नाही. जोडाशी थोडं थरथरलं, क्षणभर हवा आली तरी थांबू नका. तिथे जोर लावून खड्डा बुजवला की तो तिथेच राहतो. मींड हलकी ठेवली तर दोन-तीन आठवड्यांत तो भाग बराच सरळ होतो. उतरताना जास्त लक्ष द्या. वरचा हलकेपणा खाली घेऊन येणं हे खालचा जडपणा वर नेण्यापेक्षा सोपं आणि सुरक्षित आहे.

आकार आणि पलटे

आता कुठे तोंड पूर्ण उघडायचं. दोन बोटं आडवी, एकावर एक, दातांच्या मध्ये सहज बसतील एवढं, त्याहून जास्त नाही. आकाराची सुरुवात तीन तऱ्हांनी होते. एक, आधी हवा आणि मग स्वर, 'हआ'. दोन, आधी घसा बंद आणि मग ठेच लागल्यासारखा 'आ', त्यात बारीक 'टक्' ऐकू येतो. तीन, हवा आणि स्वर एकाच क्षणी. तिसरी हवी. ती मिळवायला मनातल्या मनात 'ह' म्हणून, आवाज न करता, लगेच 'आ' लावा. पाच-सहा वेळा करून पाहिलं की कान फरक धरतो.

पलट्यांसाठी, म्हणजे ठरावीक स्वरक्रम फिरवून म्हणण्यासाठी, पहिला राग कोणता? बिलावलचे शुद्ध स्वर बहुतेक ठिकाणी घेतात. थंड गळ्याला भूप सोपा, असं आमचं मत. त्यात मध्यम-निषाद नाहीत, म्हणजे ग-म आणि नि-सा ही दोन अर्ध्या स्वराची अंतरं नाहीत. ती अंतरं नेमकी बसवायला बारीक नियंत्रण लागतं आणि ते गळा लागल्यावर येतं. सारेग, रेगप, गपध, पधसां; उतरताना सांधप, धपग, पगरे, गरेसा. मिनिटाला साठच्या लयीत एका मात्रेला एक स्वर, आधी सरगम म्हणून, मग आकारात. नंतर मात्रेला दोन. चौगुनीला इथे काम नाही.

आकारात पलटा घेताना अंगठा हनुवटीच्या मागे, खालच्या मऊ भागाला टेकवून ठेवा. गाताना तो भाग मऊच राहायला हवा. दगडासारखा कडक झाला तर जीभ दाबली जाते आहे. आणि अंगठ्याबरोबर हनुवटीही प्रत्येक स्वराला हलत असेल, तर ती जबड्याची तान होण्याची सुरुवात आहे. बैठकीत ज्या तानेला जाणकार नाक मुरडतात, ती बहुधा इथेच, पहिल्या वर्षीच्या पलट्यांत रुजते. प्रत्येक स्वराआधी 'ह' येत असेल, 'हाहाहा', तर लय जास्त आहे. निम्मी करा.

एकाच पट्टीत अख्खा वर्ग

वर्गात दहा विद्यार्थी, पेटी एक, पट्टी एक. शिक्षकाची जी पट्टी तीच सगळ्यांची. त्यात पुरुष विद्यार्थ्यांना सगळं वर पडतं किंवा मुलींना सगळं खाली. अर्ध्या वर्गाचा गळा रोज चुकीच्या जागी तापतो. वेळ कमी असतो हे मान्य, पण यातून वाट निघते.

श्वास, नळी, ओठांची 'ब्रर्र' यांना पट्टी लागतच नाही. ज्याने त्याने आपल्या सोयीच्या स्वरावरून घसरत जावं, वर्गात दोन मिनिटं गोंगाट होईल, होऊ द्यावा. पुढच्या भागासाठी एक योगायोग उपयोगी पडतो: काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. तंबोरा काळी एकमध्ये लावला तर मुलगे सा धरतात तेव्हा मुलींनी त्याच तंबोऱ्यातला पंचम आपला सा मानायचा. मुलींच्या दृष्टीने तो तंबोरा सा-मध्यमाचा होतो. पंडित जसराज यांनी रुजवलेल्या जसरंगी जुगलबंदीत गायक आणि गायिका आपापल्या षड्जावरून गातात, तेही षड्ज-मध्यम, षड्ज-पंचम अशाच नात्यावर. वर्गात एवढी उंची गाठायची नाही, पण दोन गट आळीपाळीने चार-चार पलटे म्हणू शकतात. एक गट गातो तेव्हा दुसऱ्याला श्वासही मिळतो.

पाश्चात्त्य समूहगायनात हा पेच वेगळ्या तऱ्हेने सुटतो. तिथे पियानोवर पाच स्वरांचा एकच छोटा पलटा धरतात आणि प्रत्येक फेरीला पट्टी अर्ध्या स्वराने वर सरकवतात. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून पोर्तुगीज काळापासून सोल्फा (दो-रे-मी अशी पाश्चात्त्य सरगम) शिकवला गेला, तिथल्या क्वायरना ही रीत घरची आहे. आपला षड्ज अचल, त्यामुळे आपण पलट्यातल्या स्वरांनी वर चढतो. ते अख्खा पलटाच उचलतात. गळा तापवण्यापुरती त्यांची रीत सोयीची आहे, कारण गळ्याला हालचाल तीच राहते आणि फक्त उंची बदलते. पेटी असेल तर सा-रे-ग-म-प-म-ग-रे-सा 'ऊ'वर म्हणत काळी-पांढरी अशी एकेक पट्टी सरकवून पाहायला हरकत नाही. षड्जाची बैठक मोडते, अशी काही गुरूंची तक्रार असते. ती रियाजाबद्दल रास्त आहे, या दोन मिनिटांबद्दल नाही.

बारा ते पंधरा वर्षांच्या, आवाज फुटत असलेल्या मुलांची पट्टी मात्र दर महिन्याला नव्याने पाहावी. गेल्या वर्षीची काळी चार त्याच्यावर लादू नये. खर्ज नको, तार नको, मधल्या पाच स्वरांत हलकं गाऊ द्यावं.

गावं की नाही, हे कसं कळतं

सुरुवातीलाच, नळीच्या आधी, दहा सेकंदांची एक तपासणी करता येते. वरच्या स्वरांत, आपल्याला सहज मिळणाऱ्या उंचीवर, शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय अशा दबक्या आवाजात 'ऊ-ऊ-ऊ-ऊ' असे आखूड स्वर काढा. कुजबुजायचं नाही, सूर हवा, पण अगदी बारीक. प्रत्येक 'ऊ' लगेच सुरू झाला तर स्वरतंतू ठीक आहेत. आधी नुसती हवा येऊन मागाहून स्वर पकडला जात असेल, किंवा मोठ्याने तर लागतो पण हळू लागतच नाही असं होत असेल, तर कडांना सूज आहे. सूज मोठ्या आवाजात लपते, बारीक आवाजात लपत नाही. गणपतीत दहा दिवस आरत्या ओरडून झाल्यावर अकराव्या दिवशी ही तपासणी करून पाहावी. त्या दिवशी फक्त नळी, पाच मिनिटं, आणि बाकी ऐकण्याचा रियाज.

सर्दी-घशावरच्या घरगुती उपायांविषयी थोडं. गिळलेलं काहीही स्वरतंतूंना लागत नाही. लागलं तर ठसका बसतो. ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंग, मीठ-हळदीच्या गुळण्या यांचा आराम घशाच्या मागच्या भिंतीला मिळतो, तो खोटा नाही, पण तो स्वरयंत्राच्या वरच थांबतो. पाणी प्यायचं ते गाण्याच्या आधी दोन-तीन तास, अंगात मुरायला वेळ लागतो. थेट आत पोचते ती वाफ: साध्या पाण्याची, पाच-सात मिनिटं, तीही गाण्याच्या निदान अर्धा तास आधी. घसा बधिर करणारी गोळी चोखून गाणं मात्र धोक्याचं, कारण थांबायची सूचना देणारी वेदनाच बंद होते. खाकरण्याऐवजी आवंढा गिळावा किंवा एक घोट पाणी घ्यावं. आवाज बसलेला असताना कुजबुजणंही विश्रांती नव्हे. रात्रीचं जेवण उशिरा आणि तिखट झालं की पित्त वर येतं, आणि सकाळी गळ्याशी काहीतरी अडकल्यासारखं वाटतं ते अनेकदा त्याचं असतं. घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला तर काढा बदलत बसू नये, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू पाहून घ्यावेत.

कार्यक्रम असेल तर ही पंधरा मिनिटं मंचावर जाण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी संपवावीत, आणि मधल्या वेळात चहाच्या टेबलावर गप्पा न झोडता शक्यतो गप्प राहावं. गाऊन झाल्यावरही तीन मिनिटं काढावीत: नळी किंवा मिटलेल्या ओठांचा 'म', पंचमापासून मंद्र पंचमापर्यंत चार-पाच वेळा सावकाश उतरत. ताणलेले स्वरतंतू बोलण्याच्या लांबीला परत येतात. नाहीतर तार सप्तकातून उठलेला गायक तसाच रिक्षात बसतो आणि इंजिनाच्या आवाजावर ओरडत घरापर्यंत फोनवर बोलतो. दुसऱ्या दिवशी घसा बसला की खापर तानांवर फुटतं.